‘अ डॉग्ज लाइफ’ मुलांना दाखवावा का, आणि कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातील एका बालवाचनालयाला मे महिन्याच्या सुटीत सहा ते बारा वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या आजी-आजोबांना एकत्र बसवून चार्ली चॅप्लिनचा ‘अ डॉग्ज लाइफ’ हा १९१८ सालचा मूकपट दाखवायचा आहे. कार्यकारिणीतील काही सभासदांना वाटते की काळ्यापांढऱ्या, संवाद नसलेल्या चित्रपटासमोर आजची मुले पाच मिनिटेसुद्धा बसणार नाहीत. इतर काहींची हरकत वेगळी आहे : चित्रपटात चोरी आहे, गुत्ता आहे, पिस्तुले आहेत. चित्रपट दाखवावा का, कोणती प्रत घ्यावी, संगीताचे काय करावे आणि मुलांना आधी काय सांगावे, असे कार्यवाहांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार. चित्रपट अवश्य दाखवावा. गेली सुमारे तीस वर्षे मी मुंबईतल्या शाळांत, वाचनालयांत, मंडळांच्या मांडवांत आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर मुलांसाठी जुने चित्रपट दाखवत आले आहे आणि हा मूकपट मी किमान वीस वेळा तरी लावला असेल. मुले कंटाळून उठून गेली असे त्यांत दोनदाच घडले. एकदा प्रत चुकीच्या वेगाने चालत होती आणि एकदा मीच मध्ये मध्ये बोलत होते, त्यामुळे दोन्ही वेळचा दोष माझ्या पदरी जातो. आपल्या कार्यकारिणीची पहिली हरकत तंत्राने सुटण्यासारखी आहे. दुसरीचे उत्तर चित्रपटाच्या रचनेतच आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

एका गरीब माणसाने एक गोंडस कुत्रे पाळले, अशी ही गोष्ट आहे असे समजून चित्रपट दाखवला तर तो निम्माच पोहोचतो. एकाच रस्त्यावर, एकाच उपासमारीत जगणाऱ्या दोन बेवारस जिवांची ही गोष्ट आहे, आणि त्यांतला एक दोन पायांवर चालतो एवढाच काय तो फरक. चॅप्लिनने ही समानता प्रसंगांमध्ये पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवर लिहून सांगितलेली नाही. ती प्रसंगांच्या जोड्यांतून उभी केली आहे. सुरुवातीला चार्ली कुंपणाच्या आडोशाला उघड्यावर झोपलेला दिसतो. कुंपणाच्या भोकातून हात घालून तो फेरीवाल्याचे सॉसेज लांबवू पाहतो आणि पोलीस पाहतो आहे असे कळताच कुंपणाखालून लोळत पलीकडे, पोलीस पलीकडे गेला की लोळत पुन्हा अलीकडे, असा खेळ सुरू होतो. तिथून तो नोकऱ्या देणाऱ्या कचेरीत जातो. बाकावर सर्वांत आधी तोच बसलेला असतो, पण खिडकी उघडली की दुसराच कोणीतरी पुढे घुसतो; तो या खिडकीकडून त्या खिडकीकडे धावतो, घसरतो, पुन्हा धावतो, आणि अखेरीस सगळ्यांना कामे मिळून हा एकटा उरतो व खिडक्या बंद होतात. त्याच्या पाठोपाठ रस्त्यावर कुत्र्यांची टोळी एका तुकड्यासाठी स्क्रॅप्स नावाच्या कुत्र्यावर तुटून पडते. चार्ली त्या झुंडीत शिरून स्क्रॅप्सला उचलतो आणि पळतो. झुंड त्याच्याही मागे लागते आणि एक कुत्रे त्याच्या विजारीला दातांनी लोंबकळत राहते. कचेरीतली माणसांची रेटारेटी आणि रस्त्यावरची कुत्र्यांची झुंबड एकापाठोपाठ एक पाहिल्यावर मुलांना काही समजावून सांगावे लागत नाही. लालबागच्या एका प्रयोगात सातेक वर्षांचा मुलगा मोठ्याने म्हणाला होता, “हे तर लोकलसारखंच आहे!” त्याहून चांगले समीक्षण मी या प्रसंगाचे वाचलेले नाही.

चोरीच्या हरकतीबद्दल सांगायचे तर चार्ली या चित्रपटात खरोखरच चोरी करतो आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मात्र ती चोरी कशी चित्रित केली आहे ते कार्यकारिणीने एकदा शांतपणे पाहावे. खाद्यपदार्थांच्या टपरीवर पुऱ्या तळाव्यात तसे काहीतरी तळले जाते आहे आणि फळीवर एका ताटलीत केक मांडलेले आहेत. मालक वळला की चार्ली एक केक तोंडात टाकतो, मालकाने पाहिले की हात जागच्या जागी आणि चेहरा निष्पाप. ताटली रिकामी होत जाते, मालकाचा संशय वाढत जातो, पण चोर काही रंगेहाथ सापडत नाही. छायाचित्रणात इथे काहीही करामत नाही. कॅमेरा जवळजवळ स्थिर आहे, दोघेही पूर्ण दिसतात, आणि सगळी गंमत एका मानेच्या वळण्यात आणि एका घासाच्या गिळण्यात आहे. टपरीचा हा मालक म्हणजे चार्लीचा चार वर्षांनी मोठा सावत्र भाऊ सिडनी. हे दोघे भाऊ पडद्यावर एकत्र आले ते या चित्रपटात पहिल्यांदा. १८९६ साली, चार्ली सात वर्षांचा असताना, आई हॅना आणि ही दोन मुले लंडनच्या लॅम्बेथ भागातील निराधारांच्या वर्कहाऊसमध्ये दाखल झाली होती. भूक म्हणजे काय हे त्या दोघांनाही ऐकीव नव्हते. त्या दोन भावांनी मोठेपणी, पोट भरलेले असताना, एकाने विक्रेता आणि दुसऱ्याने उपाशी चोर होऊन केकच्या ताटलीवर हा खेळ रचावा, हे मला नेहमीच अंगावर येते. मुलांना हे सांगू नये. आजी-आजोबांना चहाच्या वेळी अवश्य सांगावे.

स्क्रॅप्सला दूध पाजण्याचा प्रसंगही याच जातीचा आहे. बाटलीच्या तळाशी थोडे दूध उरले आहे आणि कुत्र्याची जीभ तिथपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा चार्ली त्याचीच शेपटी बाटलीत बुडवून ती त्याला चाटायला देतो. गिरगावातल्या आजी-आजोबांना इथे काही शिकवायची गरज पडत नाही. भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट त्यांनी नातवंडांना आधीच सांगितलेली असते, आणि प्रयोगानंतर एखादी आजी ती आपण होऊन पुन्हा सांगते, असा माझा अनुभव आहे. नामदेवांना कुत्र्यात देव दिसला. चार्लीला बहुधा आपणच दिसतो.

गुत्त्याची हरकत मात्र मी थोडी गंभीरपणे घेते. ‘ग्रीन लँटर्न’ हा नाचगाण्याचा आणि पिण्याचा अड्डा आहे, तिथे एडना पर्व्हायन्सने रंगवलेली गायिका नवी आहे आणि गिऱ्हाइकांकडे पाहून डोळे मिचकावण्याची सक्ती तिच्यावर केली जाते. तिला ते जमत नाही. ती चार्लीकडे पाहून एक डोळा कसाबसा मिटते आणि त्याला वाटते की तिच्या डोळ्यात काहीतरी गेले आहे. लहान मुले या गैरसमजावर हसतात आणि तिथेच थांबतात, मोठ्यांना त्यामागची जबरदस्ती कळते; एकाच प्रसंगाने दोन पिढ्यांशी दोन वेगळ्या गोष्टी बोलाव्यात, याहून सभ्य कौटुंबिक चित्रपट तो कोणता? तीही तिथे टिकणार नसते, तिलाही हाकलले जाते, आणि रस्त्यावरच्या दोघांत तिसरी सामील होते. पिस्तुलांचे म्हणाल तर शेवटच्या धावपळीत टपरीवर गोळ्या सुटतात आणि चिनीमातीची भांडी फुटतात. आजची मुले फोनवर याच्या शंभरपट पाहतात, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे आणि ती आपल्या कार्यकारिणीच्या ध्यानात आलेली दिसत नाही. दोन चोर एका श्रीमंत दारुड्याचे पाकीट मारतात आणि चार्ली जिथे झोपतो त्याच मोकळ्या जागेत पुरून ठेवतात. स्क्रॅप्स ते उकरून काढते. मग ते पैसे चोरांकडे परत जातात, चार्ली ते पुन्हा मिळवतो, आणि अखेरीस त्याच पैशांवर शेतातले घर उभे राहते. पाकिटाच्या मालकाचे पुढे काय झाले, याचा चित्रपट उच्चारही करत नाही. मोठी माणसे हे सहज विसरतात. मुले विसरत नाहीत. “पण पाकीट कुणाचं होतं?” हा प्रश्न मला किमान चार प्रयोगांनंतर विचारला गेला आहे. पूर्वी मी सारवासारव करत असे, की तो माणूस फार श्रीमंत होता वगैरे. आता मी तसे करत नाही. चित्रपटाने उत्तर दिलेले नाही एवढेच सांगते आणि तुम्ही काय केले असते असे विचारते. एकदा त्यावर दादरच्या एका सभागृहात पंचवीस मिनिटे वाद रंगला. चौकीत जमा करावे म्हणणारे आणि आधी स्क्रॅप्सला जेवू घालून मग जमा करावे म्हणणारे असे दोन तट पडले. आपल्याकडे असा वाद झाला तर तो थांबवू नये आणि त्याचा निकालही आपण देऊ नये.

आता तंत्राकडे. हा चित्रपट १४ एप्रिल १९१८ रोजी, चॅप्लिनच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, प्रदर्शित झाला. ‘फर्स्ट नॅशनल’ या वितरण संस्थेशी त्याने आठ चित्रपटांसाठी दहा लाख डॉलरांचा करार केला होता आणि त्यातला हा पहिला. हॉलिवुडमध्ये ला ब्रेआ रस्त्यावर त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधला, तिथे पूर्ण झालेलाही हा पहिलाच. तीन रिळांचा हा चित्रपट प्रतीनुसार पस्तीस ते चाळीस मिनिटांच्या आसपास चालतो. त्या काळी कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवत असत आणि सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी टिपल्या जात. बोलपट आल्यावर हा वेग चोवीस चौकटींवर स्थिरावला. जुनी फीत चोवीसच्या वेगाने चालवली की माणसे माकडासारखी टुणटुणू लागतात. “जुने चित्रपट असेच असतात” असा आपल्याकडे जो समज आहे तो या चुकीतून आलेला आहे आणि मुलांच्या कंटाळ्याचे सर्वांत मोठे कारणही हेच असते. केकच्या प्रसंगात चार्लीचा घास गिळण्याचा क्षण दिसलाच नाही तर हसायचे कशाला? म्हणून प्रत मिळाल्यावर हा प्रसंग आधी लावून पाहावा. हालचाली अवाजवी वेगवान वाटल्या तर संगणकावर वेग पाऊणपट किंवा त्याहून किंचित अधिक करावा; चोवीसचा पाऊणपट म्हणजे अठरा, आणि तो बहुतेक वेळा बरोबर बसतो. वेग कमी केल्याने प्रतीवरचे संगीत बिघडेल, म्हणून आवाज बंद ठेवावा.

१९५९ साली चॅप्लिनने हा चित्रपट, ‘शोल्डर आर्म्स’ आणि ‘द पिलग्रिम’ असे तीन मूकपट एकत्र करून ‘द चॅप्लिन रेव्ह्यू’ या नावाने पुन्हा आणले आणि त्यांना स्वतः संगीत दिले. त्या आवृत्तीत बोलपटाच्या वेगाशी जुळवून घेण्यासाठी काही चौकटी पुन्हा छापून हालचाल संथ केलेली आहे, त्यामुळे ती पाहताना अधूनमधून अडखळल्यासारखे वाटते. पण तिचे संगीत सुरेख आहे. हक्कांच्या दृष्टीने १९१८ चा मूळ चित्रपट आता मोकळा आहे. १९५९ च्या संगीताची गोष्ट वेगळी आहे, कारण आपल्या कायद्यात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो आणि चॅप्लिनचे निधन १९७७ च्या नाताळात झाले. संगीतासह ती आवृत्ती लावायची असेल तर परवानगी मागावी. माझा सल्ला असा की ती भानगडच नको. मूळ मूकपट घ्यावा आणि संगीत आपले, प्रत्यक्ष वाजवलेले ठेवावे.

प्रत्यक्ष संगीत म्हणजे पियानोच पाहिजे असे नाही. १९१३ साली गिरगावातच, कोरोनेशन सिनेमात, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्या काळापासून आपल्याकडे मूकपटासोबत पेटी आणि तबला वाजत आले आहेत, आणि आपले वाचनालय ज्या भागात आहे तिथे पेटी वाजवू शकणारे एखादे आजोबा सापडणार नाहीत हे मला खरे वाटत नाही. त्यांना चित्रपट दोनदा आधी दाखवावा आणि दोन पथ्ये सांगावीत. एक, कोणी पडला की तबल्यावर थाप मारायची नाही. आपल्याकडे मालिकांमुळे ही सवय फार बोकाळली आहे. मुलांना कुठे हसायचे ते कळते. दुसरे पथ्य त्याहून महत्त्वाचे : केकच्या प्रसंगात पेटी पूर्ण बंद. त्या शांततेत मुलांच्या हसण्याच्या लाटा एकमेकींवर येतात, आणि तेच त्या प्रसंगाचे संगीत.

उलट दोन ठिकाणी वादकांना मोकळे सोडावे. एडना गाते तो प्रसंग असा आहे की तिचे गाणे आपल्याला ऐकू येत नाही, पण अख्खा गुत्ता ढसाढसा रडू लागतो, वादकांपासून गिऱ्हाइकांपर्यंत. तिथे आमच्या एका पेटीवाल्या काकांनी भैरवी इतकी मन लावून आळवली की सभागृहातले आजोबा लोक आधी गंभीर झाले आणि मग पडद्यावरची धो धो आसवे पाहून हसून लोटपोट झाले. चॅप्लिनला बहुधा हेच हवे असावे. दुसरी जागा ढोलाची. गुत्त्यात कुत्र्यांना मनाई असल्यामुळे चार्ली स्क्रॅप्सला आपल्या ढगळ विजारीत लपवून आत नेतो. विजारीला मागे भोक आहे, त्यातून शेपटी बाहेर येते आणि ती हलू लागली की शेजारच्या ढोलावर आपटते. तबलजीने शेपटीशी लय जुळवली तर मुले खुर्च्यांवर उभी राहतात, याची तयारी ठेवावी.

चोराच्या हातांचा प्रसंग मात्र वादकांवर अजिबात सोपवू नये. दोन चोर टेबलाशी बसले आहेत. चार्ली पडद्याआडून एकाला बेशुद्ध करतो आणि त्याच्या काखेखालून आपले हात पुढे काढून जणू तोच चोर हातवारे करतो आहे असे दुसऱ्याला भासवतो : पैसे मोजतो, पेला उचलतो, जवळ ये म्हणून खुणावतो. हातांना इथे स्वतंत्र चेहरा आहे. आपल्या स्नेहसंमेलनांत चादरीआड दोघे मिळून जो ‘बुटका’ करतात, ज्यात तोंड एकाचे आणि हात दुसऱ्याचे, त्याची ही सख्खी बहीण. प्रयोगानंतर दोन जुन्या शाली ठेवल्या तर मुले अर्धा तास आपसांत हेच करत बसतात, निराळा उपक्रम आखावा लागत नाही.

सुरुवातीच्या प्रास्ताविकाला तीन मिनिटे पुरेत. हा चित्रपट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे, यात कोणी बोलणार नाही, त्यामुळे डोळ्यांनी ऐकायचे आहे, एवढे सांगून दिवे बंद करावेत. चॅप्लिन किती थोर होता हे आधी सांगू नये. थोर माणसांवर मुले सहसा हसत नाहीत. कथा सांगू नये. ‘मुक्या प्राण्यांवर दया करावी’ असे तर चुकूनही म्हणू नये, कारण चार्ली स्क्रॅप्सवर दया करत नाही. रात्री उशी म्हणून डोक्याखाली घेतो, दिवसा भागीदार म्हणून वापरतो, आणि दोघेही एकमेकांना खपवून घेतात. गच्चीवर प्रयोग असेल तर मे महिन्यात मुंबईत साडेसातच्या आधी पडदा उजळ दिसत नाही, हे वेळ जाहीर करताना लक्षात ठेवावे.

मुले कुत्र्याबद्दल विचारतील, त्याचीही तयारी हवी. या भूमिकेसाठी चॅप्लिनने बरीच कुत्री पारखून पाहिली आणि शेवटी मट नावाचे एक मिश्र जातीचे कुत्रे निवडले. पडद्यावर ते वारंवार कॅमेऱ्याबाहेरच्या शिक्षकाकडे न पाहता चार्लीकडेच पाहते, आणि ज्यांनी प्राण्यांसोबत चित्रीकरण केले आहे त्यांना ठाऊक असेल की हे साधणे किती कठीण असते. कुत्र्यांच्या भांडणात कोणाला लागले का, असे विचारल्यास खरे सांगावे की त्या काळी आजच्यासारखे नियम नव्हते. आज आपल्याकडे चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. मटचे पुढे काय झाले हे मात्र लहान मुलांना सांगू नये असे माझे मत आहे. चित्रपट पूर्ण होताच चॅप्लिन मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या चित्रपटताऱ्यांसोबत पहिल्या महायुद्धासाठीच्या युद्धरोख्यांच्या प्रचारदौऱ्यावर निघून गेला, आणि एप्रिलच्या अखेरीस मट गेले. त्याला स्टुडिओच्या आवारातच पुरले आणि खुणेच्या फलकावर मृत्यूचे कारण म्हणून हृदयभंग असे लिहिले, अशी हकिगत चरित्रांतून येते. मोठ्यांनी ती घरी जाताना आपसांत बोलावी. मुलांना एक वेगळी सूचना मात्र अवश्य द्यावी : गल्लीतल्या पिल्लाला चड्डीत घालून पाहायचे नाही. हे मी विनोदाने लिहीत नाही. एका चाळीतल्या प्रयोगानंतर दुसऱ्याच दिवशी एका वीराने तो प्रयोग केला, पिल्लाने साहजिकच ओरबाडले, आणि जखम साबणाच्या पाण्याने धुऊन त्याला रेबीजच्या इंजेक्शनांसाठी न्यावे लागले.

राहिला पाट्यांचा प्रश्न. मूळ पाट्या इंग्रजीत आहेत आणि थोड्याच आहेत. त्या मराठीत वाचून दाखवण्यासाठी एक माणूस नेमावा. मूकपटांच्या काळात आपल्या थिएटरांतही असे मोठ्याने वाचणारे असत. त्याने फक्त पाट्या वाचाव्यात, शेरे मारू नयेत. शीर्षकासाठी ‘कुत्र्याचे जिणे’ हा आपला वाक्प्रचार अचूक बसतो. स्क्रॅप्स म्हणजे उष्टे-खरकटे, पण नावाचे भाषांतर करू नये. स्क्रॅप्स हा उच्चार मुलांच्या तोंडी लगेच बसतो. त्याची ओळख करून देणाऱ्या पाटीत जातिवंतपणा आणि गावठीपणा यांची जी थट्टा आहे, तिच्यासाठी मी ‘अस्सल जातिवंत गावठी’ असे शब्द वापरते आणि त्यावर रस्त्यावरची कुत्री सांभाळणाऱ्या आज्या हमखास टाळ्या वाजवतात.

या पाट्यांत मराठीत एक सापळा आहे, आणि आपल्या लक्षात आले असेल की हे उत्तर लिहिताना मी तो सांभाळतच आले आहे. चित्रपटाचा शेवट शेतावरच्या घरात होतो. चार्ली मोठी टोपी घालून नांगरलेल्या सरीत बोटाने एकेक भोक पाडत एकेक बी पेरतो आहे. सगळ्या शेताची पेरणी तो अशीच करणार, हे पाहून कोकणातले आजोबा हटकून हसतात. मग तो घरात येतो. चुलीशेजारी एडना आहे, पाळणा आहे, दोघे कौतुकाने पाळण्यात डोकावतात, आणि आपल्याला वाटते की बाळ असणार. कॅमेरा पाळण्यापर्यंत पोहोचतो तेव्हा आत स्क्रॅप्स आणि तिची पिल्ले असतात. आपण ज्याला इतका वेळ कोणीतरी रस्त्यावरचा भिडू समजत होतो ती आई निघाली, यात त्या प्रसंगाची सगळी गंमत आहे. इंग्रजीत पाटी वाचताना हे गुपित सहज राखता येते. मराठीत ‘आला’ की ‘आली’ या एका काना-वेलांटीत ते फुटते. ‘कुत्रा’ म्हणावे तर शेवटी मुलांना वाटते आपल्याला फसवले. ‘कुत्री’ म्हणावे तर शेवटच उरत नाही. आपल्या भाषेने यासाठी नपुंसकलिंग दिले आहे, म्हणून पाट्या वाचणाऱ्याने अखेरपर्यंत ‘ते कुत्रे’ असेच म्हणावे, आणि मुलांशी बोलताना आपणही तसेच म्हणावे.

परळच्या एका प्रयोगात आमच्या वाचक काकांनी तिसऱ्याच मिनिटाला “बिचारी कुत्री उपाशी आहे” असे पदरचे वाक्य घातले होते. शेवटी पाळणा दिसला, चार्ली आणि एडना त्यावर वाकले, सभागृह अगदी शांत झाले, आणि दुसऱ्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, “पिल्लंच असणार, मी मघाशीच ओळखलं.” तेव्हापासून पाट्यांचा मराठी मजकूर मी स्वतः लिहून देते. तो दोन पानांचा आहे. प्रयोगाची तारीख कळवलीत तर आपल्यालाही पाठवीन.